भोंग्याचं तोंड

नाना, आज आपल्या गावची सरपंच माझ्या ओट्यावर रडायच्या बेतात येऊन बसली होती, म्हणून हे लिहायला घेतलं. नाल्यापलीकडची पोर आहे ती. तुम्ही गेलात तेव्हा जन्मलीही नव्हती. हुशार आहे, धीट आहे, पण तिच्या ग्रामसभेला कुत्रं फिरकत नाही. मोबाईलवर गावाचा ग्रुप केलाय तिने. आता तुम्हाला कसं समजावू? घरबसल्या एक चिठ्ठी लिहायची, ती एका क्षणात गावभर पोचते, आणि कुणी वाचली तेही कळतं. "काकू, सगळ्यांनी वाचलं हो! अंगठे दाखवले, हात जोडले, आणि आलं कोण? मी, ग्रामसेवक अन् चहावाला!" मला हसू आवरेना. मग मी विचारलं, "बाई गं, त्या ग्रुपवर कोण नाही?"  ती बोटांवर घरं मोजायला लागली. कुणाचा फोन नवऱ्याच्या खिशात, कुणाकडे फोनच नाही, कुणाला वाचता येत नाही. चहा निवून गेला तरी तिची बोटं चालूच. जाताना म्हणाली, "काकू, हे कुठं शिकलात?" मी म्हटलं, "सासऱ्यांकडून." ते अर्धंच खरं आहे, नाना.

मी जळगावची मॅट्रिक झालेली मुलगी. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दचकून जागी झाले. आभाळातून सासऱ्यांचा, म्हणजे तुमचा, आवाज! "ऐका रे भो, बठ्ठा जण ऐका!" सगळ्या गावाला हाक. मी डोक्यावर पदर ओढून अंथरुणात उठून बसले. सासूबाई चुलीपाशी हसून लोळायच्या बाकी. मग कळलं की सरपंच म्हणजे तुम्ही, आणि ग्रामपंचायतीच्या गच्चीवर तुमचा तो भोंगा. सकाळी सात वाजता तुम्ही माईक हातात धरायचात आणि आधी गावाचं सगळं सांगायचात. कुणाची म्हैस व्याली, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाचा बैल पाचोऱ्याच्या रस्त्याला मोकाट फिरतोय. आणि मग, हळूच, "रेशनवर घासलेट उनं शे, डबा लई या," म्हणजे घासलेट आलंय, डबा घेऊन या. मला तेव्हा हा सगळा पोरखेळ वाटायचा. म्हशीचं बाळंतपण सांगायला सरकारने माईक दिलाय का, असं मी ह्यांना म्हणाले होते. हे एस.टी.त कंडक्टर, धुळ्याच्या गाडीवर. हे म्हणाले, "तू नानांना सांग." माझी काय बिशाद!

मग बायांसाठी राखीव जागा आल्या आणि आपल्या गावाची पाळी लागली. तुम्ही अर्ज आणलात, माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "सही कर." मी म्हटलं, मला नाही जमणार. "सही तर जमते ना? बाकीचं पाहू." मी निवडून आले ती तुमची सून म्हणून, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तेच मला खुपत होतं. म्हणून पहिली सूचना मी रात्रभर घोकली आणि कागदावरून खणखणीत वाचली. "सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की..." सभेला आले पाच म्हातारे. त्यातले दोघं तिथे रोज बसतातच.

दुपारी तुम्ही कळण्याची भाकरी कुस्करत होतात. वर न बघता म्हणालात, "सूनबाई, सकाळी तू गावाशी बोलत होती का तहसीलदाराशी?" मला असा राग आला! ताटात ठेचा जरा जास्तच वाढला मी. तुम्ही तो मुकाट खाल्लात, डोळ्यांत पाणी आलं तरी. मग तांब्याभर पाणी पिऊन म्हणालात, "अगं, माणूस भोंगा ऐकतो ते आपलं नाव येतं का म्हणून. आधी त्याच्या दारात जा, मग आपलं काम सांग." दुसऱ्या दिवसापासून मी म्हशींपासून सुरुवात केली. माणसं यायला लागली. तुमचं खरं होतं, पण मी तसं तोंडाने कबूल केलं नाही.

तेवढ्यात नळयोजना आली. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं की नळ कुठे कुठे बसवायचे ते भरलेल्या ग्रामसभेत ठरवा, बायांच्या सह्या-अंगठे हवेत, नाहीतर योजना शेजारच्या गावाला देतो. दोन सभा घेतल्या. पुरुष भरपूर, बाया बोटावर मोजण्याइतक्या, आणि नाल्यापलीकडची तर एकही नाही. जे आले त्यांनी सगळे नळ पाराभोवती बसवून टाकले, अर्थात तोंडाने. मी ठराव लिहू दिला नाही. साहेबांनी शेवटची एक सभा दिली. तीही अशीच गेली असती तर नाल्यापलीकडच्या बाया आणखी किती वर्षं विहिरीवर दोर ओढत राहिल्या असत्या कोण जाणे, आणि तेही मी सरपंच असताना. मला अन्न गोड लागेना.

एका सकाळी मी सरळ नाला ओलांडून गेले. एक म्हातारी अक्का शेळीला पाला टाकत होती. मी जरा तावातच विचारलं, "अक्का, इतकं ओरडून सांगते, तुम्ही येत का नाही?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. "काय वं माय, तुना भोंगा तठेच बोंबलस! आठे काहीच ऐकू येत नही." मी मागे वळून पाहिलं. तिथून भोंग्याची फक्त पाठ दिसत होती. त्याचं तोंड पाराकडे. पंधरा वर्षं तुम्ही "बठ्ठा जण ऐका" म्हणत होतात आणि अर्धं गाव तुमच्या पाठीमागे होतं.

घरी आल्या आल्या तुम्हाला सांगितलं. तुम्ही चिडलात. इतकं चिडलेलं मी तुम्हाला त्याआधी पाहिलं नव्हतं. "भोंगा मी बसवलाय. आहे तिथे बरा आहे. माझा आवाज पोचत नाही असं आजवर कुणी म्हटलं नाही!" ज्यांना ऐकूच येत नव्हतं ते कशाला म्हणतील, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. वाईट वाटलं ते तुमच्या रागाचं नाही. म्हशीसुद्धा नावानिशी ओळखणारा माणूस असं बोलला, त्याचं.

आणि मग माकडं आली. सभेच्या आदल्या दिवशी तुम्ही पाचोऱ्याच्या बाजाराला गेला होतात. वैशाखाची दुपार, गावात चिटपाखरू नाही, सगळे दारं लोटून पडलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी माईक घेतला आणि म्हटलं, "ऐका रे भो, नाल्यापलीकडे अक्काच्या शेळीला तीन करडं झाली!" गावाच्या इतिहासात पहिल्यांदा नाल्यापलीकडची बातमी भोंग्यावर आली, आणि ती तिकडे स्वच्छ ऐकूही गेली. पुढे सांगितलं की आज नळाची जागा ठरणार, जी येईल तिच्या दारापाशी नळ. पारावरची मंडळी तणतणत आली. "आज भोंगा बसला का? नुसती गुणगुण येतेय!" तुम्ही अंगणात येऊन वर पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. माझ्या तोंडून निघून गेलं, "काल दुपारी माकडं आली होती गच्चीवर. फार नाचली."

सभेला काय गर्दी, नाना! बाया कडेवर पोरं घेऊन, एकमेकींना ढकलत, हसत आल्या. अक्का तर करडू घेऊनच आली, भोंग्यावर नाव आलं म्हणून सगळ्यांना दाखवायला. पारावरच्या एकाने उठून आवाज चढवला, आधी भोंगा सरळ करा, मग सभा. सगळे तुमच्याकडे पाहायला लागले.  तुम्ही एक शब्द बोलला असतात तर सभा तिथेच मोडली असती. तुम्ही सावकाश उठलात, टोपी नीट केलीत आणि म्हणालात, "राहू द्या रे. जे मले पंधरा वर्षात कळनं नही, ते माकडंसले कळनं." सगळी सभा खो खो हसली. दोन नळ नाल्यापलीकडे मंजूर झाले. अक्काने अंगठा इतका जोरात दाबला की पुढच्या दोन पानांवर शाई उमटली. मी रजिस्टर मिटलं आणि आत जाऊन पदरात तोंड घालून रडले, आनंदाने.

महिन्याभरात तुम्ही जळगावहून दुसरा भोंगा आणलात. एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. पुढे जगलात तोवर येईल त्या पाहुण्याला माकडांची गोष्ट सांगितलीत, दर वेळी एखादं माकड वाढवून. शाळेतली पोरंसुद्धा ती गोष्ट सांगतात. त्या सरपंच पोरीलाही आज्जीकडून तीच ठाऊक आहे. आज ती निघताना म्हणाली, उद्या ती दोन्ही भोंगे साफ करून घेणार आहे. मला वाटलं, हिला तरी खरं सांगावं. ही चिठ्ठी ग्रुपवर टाकायचीही हुक्की आली. पण तुमची गोष्ट मोडायला हात होईना. तेव्हा हा कागद गव्हाच्या डब्याखाली जाणार.

नाना, माकडं आलीच नव्हती. त्या दुपारी गच्चीवर चढून भोंग्याचं तोंड मीच फिरवलं. पायाला चटके बसत होते, पाना सारखा निसटत होता, आणि गंजलेल्या नटाला लावलेलं ग्रीस माझ्या पदराला लागलं होतं. तुम्ही बाजाराहून आलात तेव्हा मी तो पदर कमरेला खोचून चहा दिला.  मी कपडे धुवायला न्हाणीत गेले, तर दगडावर रॉकेलची बाटली आणि स्वच्छ चिंधी ठेवलेली होती. डाग निघाला. ती कुणी ठेवली, हे मी सासूबाईंनाही कधी विचारलं नाही.