खाली बसून जेवणं

अहो,

साडेनऊच्या एसटीने चिखलीला फिजिओथेरपीला जातेय. नळ आला तर माठ भरा.

तुम्ही विचारत नाही म्हणून सांगते. गुडघ्याच्या वाटीमागची गादी झिजलीय, पण मांडीत जोर येतोय. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली दाबून दहापर्यंत मोजते. तुमच्याकडे बघत मोजते.

(हे खोडणार होते. राहू दे.)

परवा तिथल्या डॉक्टर पोरीने विचारलं, "काकू, बऱ्या झाल्यावर काय कराचं आहे तुमाले?"

मी म्हटलं, "यांच्यासमोर खाली बसून जेवायचंय."

ती हसली. "ते सोडून काहीबी मागा."

म्हणजे माझं मांडी घालणं संपलं.

आठ महिने झाले, मी खुर्चीवर आणि तुम्ही खाली पाटावर. जेवताना मला फक्त तुमचं टक्कल दिसतं. भाजी आवडली की तुम्ही डोळे मिटता. अजून मिटता का, मला माहीत नाही.

"खुर्चीवर मले अन्न उतरत नाही," म्हणता. उतरत नसेल.

तरी शेजारच्या शालूबाईंकडून एक खुर्ची मागून आणलीय. माझ्या खुर्चीसमोर ठेवलीय.

मी अडीचला येईन. भूक आवरली तर थांबा.

महामाया