नव्या सायकलीला तार नाही

रविवार, रात्र.

जुन्या सायकलीचे गियर फ्रेमच्या नळीवरच्या दांडीने बदलायचे. नवीचे ब्रेकच्या मुठीत आहेत, बटणं दाबून, बॅटरीवर. आज मोशीच्या चढावर माझा हात तीनदा नळीकडे गेला. तिथे काही नाही.

पण सलतंय ते वेगळंच. माझे वडील, अण्णा, आयुष्यभर भोसरीच्या कारखान्यात फिटर. दर रविवारी माझ्या गियरची तार तेच ताणून द्यायचे, स्क्रूड्रायव्हरचं टोक गियरला टेकवून, मूठ कानाला लावून, मशीन ऐकावं तसं. नवीला तारच नाही. दुकानात हे मला कसं सुचलं नाही?

संध्याकाळी ते पाना आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन पार्किंगमध्ये आले.

"तार कुठंय गं?"

"नाही, अण्णा. बॅटरीवर चालतं."

"मंग मी काय, हवा भरू?" ते हसले. मला हसता आलं नाही.

त्यांनी मागचं चाक उचललं, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली. "फिरव. आता बदल." मी पेडल फिरवत बटण दाबलं.

"बारकी मोटर हाय आत. चांगली हाय. चढावर साखळी खडखडली का?"

"हो."

"गियर बदलताना पायाचा जोर सोडला नसशील. बटण असलं म्हणून काय झालं, साखळी साखळीच हाय."

मग मी सोसायटीला फेऱ्या मारल्या. ते गेटपाशी उभे. मी जवळ आले की म्हणायचे, "सोड आता." चौथ्या फेरीला मला जमलं. पाचव्या फेरीला मी मुद्दाम जोर ठेवला. साखळी खडखडली, आणि "सोड, सोड" करत ते माझ्यामागे चार पावलं धावले.