पेट्रोल की डिझेल: माझा निःपक्ष अभ्यास

१४ जून
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून माझ्यावर जबाबदारी आहे.

जेवताना बाबांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, कॅरिस, घरात शिकलेली तूच. मोटरहोम पेट्रोलचं घ्यायचं की डिझेलचं, ते तू ठरव. आई म्हणाली, हो बाई, तूच ठरव. आम्ही आपापल्या कारखान्याचीच बाजू घेणार.

खरंच आहे. बाबांनी जन्मभर पेट्रोलच्या मोटरहोममध्ये जमिनी बसवल्या. आईने रस्त्यापलीकडच्या कारखान्यात डिझेलवाल्यांचे पडदे शिवले. आमच्या एल्कहार्टमध्ये निम्मं गाव हेच करतं. पहाटे पाचला कामावर, दुपारी घरी. इतकी वर्षं लोकांची फिरती घरं बांधली आणि स्वतः शिकागोच्या पलीकडे गेले नाहीत. आता दोघंही निवृत्त झालेत. आईला पॅसिफिक समुद्र बघायचाय. बर्फ पडायच्या आत निघायचंय.

स्टुट्झमन घराण्यातली पहिली पदवीधर मी. त्यांच्या त्या पहाटांवर शिकले. म्हणून घाईचा निर्णय नाही. शास्त्रीय पद्धत. दोन आठवड्यांत सांगते म्हटलं.

(पदवीनंतर महिनाभर मी बिछान्यातच होते, हे इथे लिहायचं कारण नाही. ती वैचारिक विश्रांती होती.)

१६ जून
मूळ प्रश्नच चुकीचा आहे. माझा विषय पर्यावरण. धूर दोन्हींतून निघतो. तिसरा पर्याय मांडला: रेल्वे आणि तंबू. बाबा म्हणाले, तंबूचं माझ्या गुडघ्यांना विचार, ते काय म्हणतात ते मला सांग. आई हसली. मग मला वाईट वाटलं. प्रस्ताव मागे घेतला.

आईने खिम्याचा मीटलोफ केला होता. मी एप्रिलपासून शाकाहारी. नको म्हणावं तर तिचा चेहरा पडतो. खाल्ला. दोनदा घेतला. दोन्ही वेळा अपराधी वाटलं.

२९ जून
मुदत संपली. निष्कर्ष नाही. पण प्रगती आहे.

बाबांनी गॅरेजात गाठलं. म्हणाले, पेट्रोलची गाडी कुठेही बंद पडू दे, झाडाखाली बसलेला कोणीही दुरुस्त करतो. मी म्हटलं, बाबा, बरोबर आहे तुमचं. संध्याकाळी आईने कपड्यांच्या घड्या घालताना गाठलं. डिझेलची गाडी डोंगर चढताना धापा टाकत नाही, म्हणाली. मी म्हटलं, आई, बरोबर आहे तुझं.

याला दुटप्पीपणा म्हणत नाहीत. समतोल म्हणतात. तरी झोप आली नाही.

११ जुलै
प्रत्यक्ष पाहणी. विक्रेत्याच्या आवारात दोघांना घेऊन गेले. मी प्रश्नावली घेऊन उभी, आणि बाबा आत शिरताच सरळ जमिनीवर आडवे. कान लावून बोटांनी ठकठक. आई पडद्यांच्या शिवणी उलट्या करून बघतेय. विक्रेता मला हळूच म्हणाला, साहेबांना बरं नाही का?

बाबांनी झोपल्या झोपल्याच विचारलं, ही कुठल्या आठवड्यात बांधली? तो अभिमानाने म्हणाला, नोव्हेंबरच्या मध्यात. बाबा उठले, टोपी घातली. म्हणाले, हरणांच्या शिकारीला सुरुवात होते त्या आठवड्यात? अहो, अर्धी माणसं जंगलात असतात आणि उरलेली नुसती शरीराने कारखान्यात. मी स्वतः त्या आठवड्यात एका गाडीच्या जमिनीखाली हातोडा विसरलोय. अमेरिकेत कुठेतरी खडखडत असेल. आई म्हणाली, त्याच्या मालकाला वाटत असेल भूत आहे. दोघं गाडीत बसेपर्यंत हसत होती.

माझी प्रश्नावली कोरी राहिली. दोघांचेही पूर्वग्रह फार. मी आहे म्हणून बरं.

२ ऑगस्ट
धुराचं प्रायश्चित्त म्हणून परसात मेपलची रोपं लावली. निर्णय कुठलाही होवो, मन स्वच्छ.

५ ऑगस्ट
सशांनी खाल्ली.

२३ ऑगस्ट
बाबांनी विचारलं, झालं का गं? फार हळू विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, विषयाची व्याप्ती वाढली आहे. ते म्हणाले, वाढू दे, वाढू दे.

मग म्हणाले, आम्ही निघालो की हिवाळ्यापुरतं घर भाड्याने द्यावं म्हणतो. तू नोकरीच्या गावी खोली घेशीलच.

माझ्या अभ्यासाला वेळ लागण्याशी याचा काहीही संबंध नाही. काडीचाही. नोकरीचे अर्ज अजून केलेले नाहीत, कारण अर्ध्या अभ्यासातून लक्ष काढणं आईबाबांवर अन्याय ठरेल.

१९ सप्टेंबर
सकाळी शेताच्या कडेला पांढरं दिसलं. नुसतं दव होतं. पण आई सिंकपाशी उभी राहून बराच वेळ बघत होती. मीच म्हटलं, एक ऑक्टोबर. नक्की. ती म्हणाली, घाई नाही गं राणी.

‘राणी’ म्हणाली. दिवसभर काही सुचलं नाही.

१ ऑक्टोबर
सर्दी.

४ ऑक्टोबर
लिहायलाच हवं.

निकाल जाहीर करायला तटस्थ जागा हवी होती. घरात बाबांची खुर्ची आहे, आईचं स्वयंपाकघर आहे, म्हणजे पक्षपात. म्हणून आईच्या बहिणीकडे, ट्वायला मावशीकडे गेले. तिचं गावाबाहेर शेत, मोठं कोठार. कोठार दे म्हटलं. ती म्हणाली, कोठार नको, ओसरीत बसा. तोवर मी दार सरकवलं होतं.

आत अंधारात निळ्या ताडपत्रीखाली घराएवढं काहीतरी. एक कोपरा उचलला. मोटरहोम. खिडकीला पिवळ्या चौकटीचे पडदे, आईच्या हातचे. चर्चच्या विक्रीसाठी शिवतेय म्हणाली होती. दारावर अमेरिकेचा तो नकाशा, ज्यात मुक्काम केलेल्या राज्यांची रंगीत चित्रं डकवतात. सगळा कोरा.

मावशी म्हणाली, जूनपासून उभी आहे, पोरी. दर रविवारी चर्चहून परस्पर इथे येतात. तुझा बाप स्टिअरिंगवर, तुझी आई शेजारी. गाडी बंद. समोरच्या गवताकडे बघत बसतात. मग उतरून मला सांगतात, छान झाला हं प्रवास.

मी विचारलं, मग मला कशाला ठरवायला सांगितलं? ती म्हणाली, तू दुपारपर्यंत तोंडावर पांघरूण घेऊन पडायचीस. व्हर्लिन, तुझा बाप, म्हणाला, पोरीला काहीतरी काम देऊ. काम दोन आठवड्यांचं होतं बाई. तू त्याच्यावर पेन्शन घ्यायच्या बेतात आहेस.

आणि त्यांची पेट्रोल-डिझेलवरची भांडणं? घरी भांडतात, इथे येऊन हसतात, म्हणाली. आता तू निकाल दिल्याशिवाय हलायला तयार नाहीत. म्हणतात, तिचं मन मोडेल.

मी इथे आले होते हे सांगू नकोस, एवढंच म्हटलं आणि निघाले. रस्त्यात पुढे आमिशांची, मोटारी न वापरणाऱ्या त्या पंथाच्या लोकांची, घोडागाडी होती. तिच्या मागे मागे, तिच्याच चालीने, घरापर्यंत रडत आले.

५ ऑक्टोबर, सकाळ
मार्ग सापडला. आज दुपारी निकाल द्यायचा, आणि कोठारात जी आहे तीच निवडायची. त्यांना वाटेल माझ्या अभ्यासातून निघालं. कोणाचंच मन मोडणार नाही.

एकच अडचण. ती पेट्रोलची आहे की डिझेलची, ते मी बघितलं नाही.

सबंध उन्हाळा याच विषयात घातला. मावशीला विचारावं तर उद्या सगळ्या चर्चला कळेल. म्हणून तर्क: पडदे आईचे. अर्थात गाडी आईच्या पसंतीची. अर्थात डिझेल. तर्कशास्त्रात मी वर्गात पहिली होते.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ
उभी राहून वाचलं. निष्कर्ष: डिझेल.

बाबांचा काटा हवेतच थांबला. आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी मिठाच्या बाटलीकडे. मग म्हणाले, खात्री आहे ना तुझी?

तेव्हाच कळलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं की नाही, चुकलं, पेट्रोल. पण तोंडातून निघालं, शंभर टक्के. का, माहीत नाही. परीक्षेची सवय.

बाबा म्हणाले, बरं. तू म्हणतेस तर. आई म्हणाली, ॲपल पाय घे, गरम आहे. मग दोघं स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून बराच वेळ कुजबुजत होती.

उद्या सकाळी उठल्याबरोबर सगळं खरं सांगायचं. ठरलं. गजर लावलाय, सहाचा.

६ ऑक्टोबर, सकाळी साडेनऊ
गजर बंद करून झोपले असावे. उठले तर घर रिकामं. हीटर चालू. फ्रिजमध्ये आठवडाभराचं जेवण, प्रत्येक डब्यावर आईच्या अक्षरात ‘मांस नाही’.

मग फोन. आई ओरडतच होती. कॅरिस, रागावू नकोस गं, आम्ही पळून आलो! पहाटे पाचला निघालो! तुला उठवणार होतो, पण तू परत काही सिद्ध करून दाखवलं असतंस तर? बाबा शेजारून ओरडले, सांग तिला, पेट्रोलची आहे आणि मी परत करणार नाही! आई म्हणाली, मिसिसिपी ओलांडली बघ आत्ता. डिझेलवालीत बसलं की मला दुसऱ्याच्या दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटतं गं. कॉफी सांडायची भीती. इथे सांडलीसुद्धा! आणि ऐक, घर भाड्याने दिलेलं नाही. तुझं बस्तान बसेपर्यंत राहा.

तेव्हा म्हटलं. आई, मी कोठार बघितलं होतं. तुमचा उन्हाळा माझ्यामुळे गेला. मला माफ करा.

पेट्रोलवालीचं इंजिन पुढे असतं, दोन खुर्च्यांच्या मध्ये. चढ लागला असावा, त्याची घरघर एकदम वाढली. आई ओरडली, काय? काय म्हणालीस? काही ऐकू येत नाही गं! आणि ती हसत होती. घरात ती असं कधी हसलेली आठवत नाही.

पुन्हा म्हणायचा धीर झाला नाही. म्हटलं, सावकाश जा.

हो हो, म्हणाली, आणि फोन ठेवला.

एकटीसाठी सगळं घर तापवणं बरं नव्हे, म्हणून हीटर बंद केला. थोड्या वेळाने थंडी वाजली. पुन्हा लावला.