ओटीतला सतरा नंबरचा फॉर्म

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण काल मी हुबेहूब तुमच्यासारखी वागले आणि एका पोरीपुढे तोंडघशी पडले.

दहावीच्या वर्षी माझं लग्न लावून दिलं. सहावा महिना लागला तेव्हा मुख्याध्यापिका म्हणून तुम्हीच माझ्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवलात. "बाकीच्या मुली बघतात गं," एवढंच म्हणालात. मग पाचाडला माझ्या डोहाळजेवणाला उन्हातून धापा टाकत आलात. ओटी भरलीत, तर नारळाखाली घडी घातलेला सतरा नंबरचा फॉर्म, बाहेरून परीक्षेला बसायचा. त्याच्यावरच मी दहावी झाले, शिकत गेले, आज पोलादपुरात मुख्याध्यापिका आहे. दर निरोपसमारंभात ही गोष्ट सांगते आणि हमखास रडते.

काल बारावीतली मुलगी ऑफिसात आली. अठरा पूर्ण झाल्यावर लग्न झालेली, कशेडीकडून एसटीनं येते, पाचवा महिना आहे. मी मोठ्या मायेनं सतरा नंबर पुढे सरकवला. तिनं हातसुद्धा लावला नाही. "मॅडम, मी वर्गात हाय ना? मग बाहेरून कशाला? मला नाय जायचं घरी."

संध्याकाळी लेकीला फोन केला. तेव्हा पोटात होती तीच, आता वकील आहे. म्हणाली, "दक्षिण आफ्रिकेतल्या शाळा गरोदर मुलींना असंच घरी बसवायच्या. प्रकरण तिथल्या घटना न्यायालयात गेलं. अशा नियमांनी मुलींचा समानतेचा आणि शिक्षणाचा हक्क मारला जातो, असं कोर्ट म्हणालं. आई, आपल्या घटनेत काय वेगळं लिहिलंय?" घटनेची उद्देशिका तर तुम्हीच आमच्याकडून पाठ करून घेतली होती, एक शब्द चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून.

आज सकाळी माझ्या ऑफिसातली पाठ टेकायची खुर्ची मी स्वतः बारावीच्या वर्गात नेऊन ठेवली. पोरगी हसली आणि बसली. बाकीच्या मुलींनी बघितलं, आणि वह्या उघडल्या.

तो कोरा राहिलेला फॉर्म खणात होता, त्याच्याच पाठीवर हे लिहितेय. कुठे पाठवणार? तुमच्यावर माझा फार जीव होता, अजूनही आहे. पण डोहाळजेवणाला मी आनंदानं रडले, असं जे सगळ्यांना सांगत आले, ते खरं नाही. तुम्हाला अंगणात बघून मला वाटलं होतं, बाई मला शाळेत परत न्यायला आल्यात.