केळ्यांखालचा कागद

तीर्थरूप आईस,

उजव्या हाताला सुट्टी आहे, म्हणून डाव्या हाताने नमस्कार. अक्षर बघून घाबरू नकोस. लाँड्रीत चादरींच्या इस्त्रीच्या रोलरमध्ये हात भाजला. जखम भरतेय. बोटं अजून नीट मिटत नाहीत, वेणी खोलीतली मैत्रीण घालून देते.

काल आमचा मॅनेजर केळी घेऊन भेटायला आला. रोलरपुढची जाळी तुटलीय म्हणून आम्ही सहा महिने ओरडत होतो, तेव्हा हा बहिरा होता. आता तोंडात साखर! केळ्यांखाली एक कागद होता: 'मी कंपनीच्या खोलीवर अंघोळीच्या गरम पाण्याने भाजले.' सही केलीस तर नोकरी राहील, म्हणाला. कामावर भाजलं तर भरपाई द्यावी लागते, खोलीवर भाजलं तर नाही, एवढीच त्याची अक्कल. मी केळी तेवढी ठेवून घेतली.

खोटं बोलायलाही डोकं लागतं गं. थंडीत आम्ही बायकांनी गिझर मागितला होता. तेव्हा याच शहाण्याने 'खोलीवर गरम पाणी मिळणार नाही' असं लिहून, सही-शिक्क्यानिशी आमच्या दारावर चिकटवलं होतं.

दारावरचा तो कागद मी अलगद सोडवून मैत्रिणीच्या ओळखीच्या एका वकीलबाईंना दिला. त्या म्हणाल्या, दवाखान्याचे कागद सांभाळ, त्याच्या कशावरही सही करू नकोस, भरपाईचा अर्ज आपण मुदतीत करू.

तुझा गुडघा कसा आहे? बाबांना बोटांचं सांगू नकोस.

तुझी,
गार पाण्याने भाजलेली लेक