शेंदराखालची खूण

नाना,

गेल्या महिन्यात शाळेच्या बक्षीस समारंभात मी तुमच्याविषयी जे सांगितलं, त्यात एक चूक होती. मी म्हणाले, तळेघरच्या रस्त्याची मोजणी जुळेना, तेव्हा माझ्या वडिलांनी एका नजरेत कारण ओळखलं. तुम्ही ओळखलं नव्हतं. तुम्ही पुण्याहून काम शिकायला आलेल्या उमेदवाराला सगळ्या मजुरांदेखत वाटेल ते बोललात, आणि कारण शोधलं ते त्यानं. मला हे ठाऊक होतं. तरी बोलायला उभी राहिले तेव्हा तुमचा राग आणि त्याचं रडणं दोन्ही मी गाळलं, कारण समोर गावातली मोठी माणसं बसली होती आणि त्यांच्यापुढे तुम्ही मला मोठे दिसायला हवे होतात. त्या माणसांत तो उमेदवारही बसला होता. आता तो इंजिनिअर आहे. घाटघरच्या वाटेची पाहणी करायला चालला होता, जुन्नरला मुक्काम पडला म्हणून आला. समारंभ संपल्यावर पुढं येऊन म्हणाला, "छोट्या मास्तरीणबाई खऱ्याच मास्तरीण झाल्या की!" तळेघरला मला या नावानं चिडवणारा तो एकच. मी ओळखलं आणि मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तो हसत होता. म्हणाला, "माझं रडणं सोडलंत ते बरं केलंत. पण दुसऱ्या दिवशीची हजेरी का सोडलीत? त्या उमेदवारीतलं माझ्या कामी आलं ते तेवढंच. लेव्हलच्या दुर्बिणीला आता माझा हात लागत नाही. दिवसभर माणसांची भांडणं मिटवतो." वेळ कमी होता, असं मी म्हणाले. त्यालाही खरं उत्तर दिलं नाही.

म्हणून ते दिवस आता आहेत तसे आठवून पाहते. इंजिनिअरिंगच्या कॉलेजातून दर हिवाळ्यात एक-दोन मुलं तुमच्या हाताखाली यायची, पुस्तकातलं काम प्रत्यक्ष कसं होतं ते पाहायला. त्या वर्षी घोडेगावहून वर जाणाऱ्या रस्त्याचं काम होतं आणि आपलं बिऱ्हाड तळेघरला कुडाच्या खोपीत होतं. तो मुलगा नवा कोट घालून आला आणि आल्या आल्या विचारू लागला, लेव्हल कुठं आहे. तुम्ही त्याच्या हातात खुणांची ती उंच पट्टी दिलीत आणि ओढ्यात उभं केलंत. पाणी पोटऱ्यांपर्यंत. तुम्ही दुर्बिणीमागून ओरडता, "सरळ धर! डावीकडं झुकली!" आणि तो थंडीनं कुडकुडत पट्टी सावरतो आहे. मी काठावर बसून खिदळते आहे. कितीतरी दिवस त्याला दुर्बिणीला डोळा लावू दिला नाहीत. म्हणालात, "ज्यानं पट्टी धरली नाही, त्यानं पट्टी धरणाऱ्यावर ओरडू नये."

संध्याकाळी चुलीपुढं दुसरा वर्ग. आई नाचणीच्या भाकऱ्या थापायची आणि त्यानं दिवसभराचं काम तिला समजेल असं सांगायचं, हा तुमचा नेम. तो कॉलेजातले शब्द फेकू लागला की आई म्हणायची, "हे मला नको, घागर भरताना सांगतोस तसं सांग." एकदा त्यानं पाणी रस्त्याखालून कसं काढायचं ते इतकं छान सांगितलं की तुम्ही विचारलंत, "काय, समजलं का?" आई म्हणाली, "समजलं. पण भाकरी करपली." ती करपलेली भाकरी त्यानंच खाल्ली. मी त्या चुलीपुढंच शिकले. अक्षरं तुमच्याकडून, कोष्टकं आईकडून, पायलीनं नाचणी मोजता मोजता. शाळेत मी फार उशिरा गेले. माझ्या मनात जे पक्कं बसलेलं आहे ते त्या खोपीतलंच आहे, आणि त्याचा मला नेहमी गर्व वाटत आला.

आता मोजणीचं सांगते. मोजणी जिथून सुरू केली तिथंच परत यायचं, हा त्या कामाचा नियम. एका खडकावरच्या पहिल्या खुणेपासून निघायचं, डोंगर चढून उतरायचा आणि शेवटी त्याच खुणेवर पट्टी ठेवून पाहायचं. पहिला आकडा आणि शेवटचा आकडा जुळला तर काम खरं. त्या दिवशी दुर्बिणीला तो होता, पट्टी एका मजुरानं धरली होती, आणि आकडा जुळला नाही. बोटभर फरक आला. तुम्ही दमला होतात, वरच्या साहेबांची फेरी जवळ आली होती. तुम्ही मजुरांसमोर त्याला म्हणालात, "कॉलेजात झोपा काढल्यास आणि इथंही झोपाच काढतोस. बापानं पैसे घातले ते पाण्यात." त्याचा बाप नुकताच वारला होता, ते तुम्हालाही माहीत होतं. तो खोपीमागं जाऊन रडला. मी पाहिलं. आईनंही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच त्या पहिल्या खडकाशी गेला, मी मागं मागं. खडकाच्या टोकावर तुम्ही रंगानं तांबडी खूण केली होती. तिच्या जागी शेंदराचा जाड थर बसला होता, त्यावर फुलं, बाजूला भाताची मूद. थर इतका की पट्टी त्यावर बोटभर वर उभी राहायची. तो खाली बसून हसायला लागला, मग हसणं थांबवून जवळच्या झोपडीतल्या म्हातारीकडं गेला. तिनं कमरेवर हात ठेवून सांगितलं, "आता तुमीच इचारा! तुमीच त्याला तांबडा रंग दिला. रोज येताय, त्येच्याम्होरं वाकताय, येक डोळा झाकून बगताय. मी म्हनलं, सायबाचा देव लई कडक दिसतोय. मग त्येला उपाशी कशापायी ठेवायचा?" तो म्हणाला, "आजी, तो देव नाही." ती म्हणाली, "आता हाय." तो जरा विचार करून म्हणाला, "मग राहू दे. आम्हाला दुसरा दगड दाखवता का, जिथं कुणी येत नाही?" तिनं दाखवला. त्यानं त्यावर छिन्नीनं नुसती रेघ मारली, रंग लावला नाही, आणि तिथून सगळी मोजणी पुन्हा केली. शेंदराला त्यानं नखही लावलं नाही. लोकांशी कसं बोलायचं हे कॉलेजात कोण शिकवणार? तो ते आईच्या चुलीपुढं शिकला होता, असं मला आज वाटतं.

मी समारंभात सोडलेला भाग पुढचा आहे. मोजणी जुळली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मजुरांची हजेरी झाली आणि तुम्ही कुणालाच कामावर सोडलं नाहीत. सगळे उभे. तुम्ही म्हणालात, "त्या दिवशी मी या मुलाला बोललो ते तुम्ही ऐकलंत. आता हेही ऐका. चूक त्याची नव्हती. खूण मी रंगवली होती, आणि शेवटी तिच्यावर पट्टी ठेवण्याआधी ती मी पाहिली नाही." एवढंच. एक जण मागून म्हणाला, "जाऊ द्या राव, देवाचीच करनी," तसे सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्याच्या वडिलांविषयीही काही बोललात, पण ते हळू, त्याच्या एकट्याच्या कानात. ते काय होतं हे मी त्याला विचारायला हवं होतं.

नाना, हे सगळं आज आठवण्याचं कारण दुसरंच आहे. माझ्याही हाताखाली आता एक उमेदवार आहे. जुन्नरातल्या कागद करणाऱ्या मुसलमान घरातली मुलगी, मोठी हुशार. शाळेत माझ्याबरोबर शिकवते, आणि शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांनी होकार दिला तर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाईल. तिच्या घरच्यांनी एवढ्याच अटीवर कबूल केलंय. साहेब नाही म्हणाले तर घरी बसायचं. मी तिला वर्गावर मापांची कोष्टकं घ्यायला सांगितली होती. तिनं मला विचारलं, "बाई, मण सोळा पायल्यांचा म्हणालात, पण आमच्याकडं बाराचा असतो." मी पुस्तक न उघडता म्हणाले, "सोळाच. लिहून घ्या." आपल्या घरी सोळाचा मोजत, आईनं मला सोळाच शिकवला. पुण्याला ट्रेनिंगला असताना मी बाराचं कोष्टक पाठ केलं होतं, पण जिभेवर आलं ते चुलीपुढचं. त्या आकड्यावरही शेंदूर चढलाय हे माझ्या लक्षात आलं नाही.

चार दिवसांपूर्वी साहेब तपासणीला आले. त्यांनी मण विचारला आणि सगळा वर्ग एका सुरात "सोळा पायल्या" म्हणाला. साहेब हसले. "अहो, बाराच्या मोलात सोळा मिळत असतील तर मीही इथंच बिऱ्हाड करतो!" मुली हसल्या, दारात उभे असलेले शाळेचे पंच हसले. त्यांनी विचारलं, "हा वर्ग कुणाचा?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "उमेदवारबाई नवीन आहेत, साहेब." वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला झोपू देत नाही. खोटं असतं तर मला माझी लाज लगेच कळली असती. साहेब म्हणाले, "बघू. आंबेगावच्या शाळा करून परत येईन, तेव्हा हिचं काय ते सांगेन."

दुसऱ्या दिवशी ती दारातच थांबली. "बाई, मी आत येऊ का नको?" मी "या ना" म्हणाले आणि फळा पुसायला वळले. त्या दिवसापासून तिनं मला एकही प्रश्न विचारलेला नाही. पूर्वी दिवसभर विचारायची. मला वाटतं, मी तिला एवढंच शिकवलं, की विचारू नये.

तुमच्यासारखं करायचं तर जिथं तिला हसले तिथंच बोलायला हवं. तेच पंच, त्याच मुली. तिला एकटीला बाजूला घेऊन सांगणं सोपं आहे, आणि ते मी अजून केलेलं नाही, कारण ते केलं की बाकीचं करायचा धीर उरणार नाही हे मी ओळखून आहे. माझी नेमणूक कायम व्हायची आहे. साहेब माझ्याविषयी काय लिहितील याची मला भीती वाटते, ती तुमच्यापाशी लपवत नाही.

तुम्ही गेलात, हे पत्र कुठं जाणार नाही. आणि खरं सांगायचं तर हे मी तुम्हाला कळवायला लिहायला घेतलंच नव्हतं. लिहिता लिहिता न बोलण्याचं एखादं कारण सापडेल, साहेब परस्पर मंचरवरून निघून गेले तर बरं, असं म्हणून मी लेखणी घेतली. आज सकाळी निरोप आलाय, ते जुन्नरवरूनच जाणार आहेत. पंचांनाही बोलावलंय. सोमवारी, माघ वद्य पंचमीला, प्रार्थना झाल्यावर, मुलींना खाली बसू देण्याआधी, मी सगळ्यांदेखत बोलेन.