कोऱ्या चकतीचा हातमोजा

४ मार्च, सोमवार
पुन्हा आपटले. कोपराचं साल निघालं. चार वेळा हात रस्त्याला टेकवला, चारही वेळा पायाखालचा चाकांचा बोर्ड आडवा व्हायच्या आधीच बसकण मारली! नवऱ्याचा मित्र आ-क्वेई म्हणाला, "वहिनी, घाबरून हातावर भार टाकता. भार पायांवर ठेवा, हात नुसता टेकवायला."
घरी लांब बाहीचा शर्ट घातला. यानहोंगला यातलं काही ठाऊक नाही. नवरा चाकांच्या खुर्चीत आणि बायको पिंगलिनच्या त्याच अपघाताच्या उतारावर — कोणत्या तोंडानं सांगू?

५ मार्च
पाऊस. रस्ता ओला, सराव नाही. यानहोंगला आंघोळ घातली. त्याचे पाय उचलताना फार जड लागतात. रताळ्याची पेज निम्मी टाकली त्यानं.

९ मार्च, शनिवार
आज उतारावरचे सगळे, हात टेकून बोर्ड आडवा घसरवत थांबायची स्लाइड आपण कशी शिकलो ते सांगत बसले. आ-क्वेईनं आईची भाजी चिरायची प्लॅस्टिकची फळी कापून चकत्या केल्या आणि बागकामाच्या हातमोज्यांच्या तळव्यांना चिकटवल्या होत्या, टेकलेला हात रस्त्यावरून घसरावा म्हणून. आई महिनाभर हातात धरून भाजी चिरत होती म्हणे! त्याला शिकवलं यानहोंगनं. या सगळ्यांनाच त्यानं शिकवलं. वेग वाढला की उडी मारू नका, खाली बसा, हात टेका, बोर्ड आडवा घाला — पहिल्या दिवशी एवढंच. रविवारी तो सगळ्यांचे हातमोजे उलटे करून बघायचा. चकती कुठे झिजली त्यावरून कोण कसं थांबलं ते त्याला न विचारता कळायचं.
माझ्याही चकत्या त्यानंच कापल्या होत्या, अपघाताच्या आदल्या रात्री. तो जोड अपघातानंतर हरवला. या नव्या मी कापल्यात, वेड्यावाकड्या.
मग आ-क्वेई म्हणाला, यानहोंगसारखा माणूस ओल्या पानांवरून घसरतो हे काही पटत नाही. मी चहाकडे बघत राहिले.

१० मार्च
इथे तरी खरं लिहिते. पानं नव्हतीच. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी मी हात टेकवलाच नाही. सगळं शिकवलं होतं त्यानं, पण वेग आला आणि मी खांबासारखी ताठ उभी राहिले. वळणावर समोरून ट्रक. यानहोंग मागून आला, मला गवतात ढकललं आणि स्वतः कठड्यावर आदळला.
सगळ्यांना सांगितलं — मी हात टेकून थांबले, तो पानांवर घसरला. त्याला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. लोक त्याला बेफिकीर म्हणतात, मी ऐकून घेते. इतकी नीच आहे मी.

१४ मार्च
नाही जमत.

१६ मार्च, शनिवार
जमलं. एकदाच. बोर्ड आडवा झाला, चाकं किंचाळली, थांबले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी रस्त्यात बसून रडले. चार महिने उशीर झाला.

१७ मार्च, रविवार
सकाळी यानहोंगला कोपर दिसलं. उशीखालून माझा हरवलेला हातमोजा काढला. चकतीवर करवतीच्या खुणा जशाच्या तशा, एक ओरखडा नाही.
"हॉस्पिटलच्या पिशवीत होता," म्हणाला. "पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे मला."
त्यानं हात पुढे केला. "आता नवा दाखव."
दिला. त्यानं चकतीवरून अंगठा फिरवला, दोनदा.
"भार अजून हातावरच टाकतेस."